मांबो आणि साल्सा : एका पावलाचा इतिहास

मांबो आणि साल्सा या दोन नृत्यांत भेद कोणता, असा प्रश्न न्यूयॉर्कमधील एखाद्या नृत्यशाळेत विचारला असता बहुधा एक ठरीव उत्तर मिळते : साल्सा 'एकवर' नाचतात आणि मांबो 'दोनवर' नाचतात. म्हणजे आवर्तनात नर्तकाचे मुख्य पाऊल पहिल्या मात्रेवर पडते की दुसऱ्या, एवढ्यावरून नृत्याचे नाव ठरते. हे उत्तर सुटसुटीत आहे आणि सर्वस्वी चुकीचेही नाही. परंतु ते प्रमाण मानून इतिहासाकडे पाहू लागले की अडचणी उभ्या राहतात. आज न्यूयॉर्कमध्ये 'दोनवर' नाचणारे बहुतेक लोक आपल्या नृत्यास साल्साच म्हणतात. उलट ज्या पॅलेडियम नृत्यगृहात मांबोने आपले पूर्ण रूप धारण केले, तेथील 'दोन' आणि आज शाळांतून शिकवले जाणारे 'दोन' एकच नव्हेत. शिवाय 'साल्सा' हा शब्द १९७०च्या सुमारास रूढ होऊ लागला, तेव्हा त्या नावाचे निराळे असे नृत्य अस्तित्वात नव्हते. जे होते ते जुनेच पाऊल होते, आणि ते घराघरांतून, लग्नसमारंभांतून चालत आलेले होते. तेव्हा हा भेद केवळ पायाचा नाही. तथापि विवेचनाचा आरंभ पायापासूनच करणे इष्ट. कारण पाऊल कोठे पडते हे नीट कळल्यावाचून पुढील वादाचे मर्म ध्यानात येत नाही.

दोन्ही नृत्यांचा पाया एक आहे. संगीत चार मात्रांच्या मापांत चालते आणि नर्तक अशी दोन मापे जोडून आठ मात्रांचे एक आवर्तन धरतो. या आठ मात्रांत सहा पावले पडतात व दोन मात्रा पावलावाचून जातात. तीन पावलांच्या प्रत्येक गटात एक पाऊल असे असते की, त्यावर शरीराचा भार पुढे किंवा मागे टाकला जातो आणि तेथूनच गतीची दिशा उलटते. याला येथे 'परतीचे पाऊल' म्हटले आहे. सारा भेद या परतीच्या पावलाचा आहे. बाकीची पावले त्याची तयारी तरी करतात किंवा त्यातून सावरून घेतात.

'एकवर' नाचणारा पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आणि पुढे पाचव्या, सहाव्या व सातव्या मात्रेवर पावले टाकतो. चौथी व आठवी मात्रा रिकामी जाते. त्याचे परतीचे पाऊल पहिल्या व पाचव्या मात्रेवर, म्हणजे मापाच्या अगदी आरंभी पडते. जुन्या पद्धतीचा मांबो नाचणारा पहिली मात्रा सोडून देतो. तो दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मात्रेवर पावले टाकतो, पाचवी सोडतो आणि सहाव्या, सातव्या व आठव्या मात्रेवर उरलेली तीन पावले पुरी करतो. त्याचे परतीचे पाऊल दुसऱ्या व सहाव्या मात्रेवर येते आणि तोच त्याच्या गटाचा आरंभही असतो. तिसरी एक पद्धत आहे व ती आज न्यूयॉर्कमध्ये सर्वाधिक प्रचारात आहे. तीत पावले पहिल्या पद्धतीप्रमाणेच एक, दोन, तीन आणि पाच, सहा, सात अशी पडतात. परंतु परतीचे पाऊल गटातील पहिले नसून दुसरे असते. म्हणजे पावलांची वाटणी साल्साची आणि वळण मांबोचे. 'साल्सा एकवर, मांबो दोनवर' या सूत्रात हा संकर बसत नाही. आणि आजचे बहुतेक वादविवाद या संकरासंबंधीच आहेत.

एका मात्रेच्या अंतराने एवढे काय बिघडते, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर वाद्यांत आहे. या संगीताचा आधार 'क्लावे' हा आहे. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांड्या आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा आकृतिबंधही. आठ मात्रांत हे पाच आघात सारखे वाटलेले नसतात : एका मापात तीन व दुसऱ्यात दोन. तीनांचे माप आधी घेतल्यास आघात पहिल्या मात्रेवर, दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मध्ये आणि चौथ्या मात्रेवर पडतात; पुढील मापात ते सहाव्या व सातव्या मात्रेवर येतात. गाण्याच्या ओळीप्रमाणे दोनांचे माप आधीही येऊ शकते. कोंगा या उंच, हाताने वाजवावयाच्या ढोलावर दुसऱ्या मात्रेस एक कोरडी, चटकन तुटणारी थाप पडते आणि चौथ्या मात्रेपासून दोन मोकळे घुमारे उमटतात. बासवादक दुसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्या मात्रेवर व चौथ्या मात्रेवर स्वर देतो. चौथ्या मात्रेवरचा त्याचा स्वर पुढील मापाच्या पहिल्या मात्रेवरून तसाच लांबत जातो; पहिल्या मात्रेवर तो बहुधा नवा आघात करीत नाही. यामुळे ज्या मात्रेवर पाश्चात्त्य कान भक्कम आघाताची अपेक्षा करतो, नेमकी तीच मात्रा बास मोकळी ठेवतो.

'एकवर' नाचणारा या मोकळ्या जागेत आपले वजन टाकतो. वाद्यांनी गाळलेला आघात जणू त्याचे शरीर भरून काढते, आणि गायकाची ओळ व चाल यांच्याशी त्याचे नाते सरळ जुळते. 'दोनवर' नाचणाऱ्याचे परतीचे पाऊल कोंग्याच्या कोरड्या थापेवर येते. क्लावेच्या दोन आघातांच्या मापात त्याला क्लावेचाही एक आघात मिळतो. तो चालीपेक्षा ढोलाशी अधिक बांधला जातो. भारतीय श्रोत्यास येथे समेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ते साम्य फार ताणू नये. सम हे तालाचे विश्रांतिस्थान आहे, गायक व वादक तेथे येऊन मिळतात. क्लावेला असे विश्रांतिस्थान नाही. ती एक चौकट आहे. तिच्यात कोठे उभे राहावयाचे हे प्रत्येक वाद्य आपापल्या परीने ठरवते, आणि नर्तकालाही ते ठरवावे लागते. 'एक' की 'दोन' हा प्रश्न म्हणूनच शिस्तीचा प्रश्न नसून, ऐन गजरात नर्तक कोणत्या वाद्याच्या बाजूने उभा राहतो याचा आहे.

आता नावांकडे वळता येईल. 'मांबो' हे आरंभी नृत्याचे नाव नव्हते. हा शब्द मध्य आफ्रिकेतील कोंगो भाषांच्या परंपरेतून क्यूबात आला, असे सामान्यतः मानले जाते. संगीताच्या इतिहासात तो १९३८ मध्ये ठळकपणे दिसतो. त्या वर्षी हवाना येथील आन्तोनियो आर्कान्यो यांच्या वाद्यवृंदातील ओरेस्तेस लोपेस यांनी 'मांबो' नावाचा एक दान्सोन रचला. दान्सोन हा क्यूबातील सभ्य समाजाचा नृत्यप्रकार. मिगेल फाईल्दे यांनी १८७९च्या पहिल्या दिवशी मातान्सास येथे वाजवलेल्या रचनेपासून त्याचा आरंभ धरतात. त्याचे भाग ठरलेले असत, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रास्ताविक भागात जोड्या नाचत नसत, तर उभ्या राहून गप्पा मारीत व पंखा हलवीत. लोपेस आणि त्यांचे बंधू, 'काचाओ' या नावाने ख्यात झालेले बासवादक इस्राएल लोपेस, यांनी या मोजक्या रचनेच्या शेवटी एक मोकळा भाग जोडला. एकच लहान, उलटसुलट आघातांचा तुकडा वाद्ये तेथे वारंवार वाजवीत आणि त्यावर बासरी स्वैर खेळे. या भागास मांबो म्हणू लागले. त्याच सुमारास आर्सेनियो रोद्रीगेस हे अंध वादक आपल्या वृंदात कोंगा, पियानो व वाढीव तुताऱ्या आणून गाण्याच्या उत्तरार्धात असाच चढता भाग वाजवीत होते. कोणाचे श्रेय किती, यावर क्यूबन अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व एवढ्याचेच की, मांबो हा प्रथम एका मोठ्या रचनेच्या शेवटच्या भागाचे नाव होता.

हा भाग स्वतंत्र करून जगापुढे मांडला तो दामासो पेरेस प्रादो यांनी. मातान्सास येथे जन्मलेले हे पियानोवादक क्यूबा सोडून मेक्सिको नगरीत गेले. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने त्यांच्या 'के रिको एल मांबो' व 'मांबो क्रमांक ५' या रचना ध्वनिमुद्रित केल्या, आणि थोड्याच काळात मांबो हे खंडभर पसरलेले वेड झाले. पेरू देशाची राजधानी लिमा येथील कार्डिनलने १९५१ मध्ये मांबो नाचणाऱ्यांस पापक्षमा नाकारण्याचा इशारा दिला, यावरून त्या वेडाची कल्पना येईल. पण नाचावयाचे कसे? पेरेस प्रादो यांच्या मांबोत तुताऱ्या व सॅक्सोफोन यांचे आघात इतके तुटक आणि अनपेक्षित होते की, साध्या नर्तकाचा पाय त्यांत अडखळे. याचा एक अप्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. हवानातील व्हायोलिनवादक एन्रीके होर्रीन यांनी नृत्यगृहांतील लोकांची ही तारांबळ पाहून मुद्दाम सरळ आघातांच्या चाली बांधल्या. त्यांपैकी 'ला एन्गान्यादोरा' १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि नर्तकांच्या घासत्या पायांच्या आवाजावरून त्या प्रकारास चाचाचा हे नाव पडले. ज्या देशाने मांबोचे संगीत दिले, त्याच देशाने नाचण्यासाठी त्याहून सोपे काही शोधले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मांबो नृत्य म्हणून घडले ते अन्यत्र.

ते घडले न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवे व ५३ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील पॅलेडियम नृत्यगृहात. १९४०च्या दशकाच्या अखेरीस या गृहाने लॅटिन वाद्यवृंदांस आपले दार उघडले. माचीतो आणि त्यांचे 'आफ्रो-क्यूबन्स', तीतो प्वेन्ते, तीतो रोद्रीगेस हे तीन वृंद तेथे आलटून-पालटून वाजत. माचीतोंच्या वृंदाचे संगीतदिग्दर्शक मारियो बाउसा यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभीच क्यूबन ताल व हार्लेममधील जॅझचा वाद्यमेळ यांचा सांधा जुळवला होता. प्वेन्ते हे हार्लेममध्ये प्वेर्तो रिकन आईबापांच्या पोटी जन्मलेले, जूलियार्ड संस्थेत शिकलेले. वाजवणारे व नाचणारे यांच्या मिश्रणाचे पॅलेडियम हे केंद्र होते. शहरातील पुष्कळ नृत्यगृहांत अद्याप वर्णभेद पाळला जात असता येथे प्वेर्तो रिकन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन असे सर्व प्रकारचे लोक एकाच फरशीवर उतरत. तेथील अतिप्रसिद्ध जोडीकडे पाहिले तरी हे दिसते. 'क्यूबन पीट' या नावाने गाजलेले पेद्रो आगिलार हे क्यूबन नव्हते, प्वेर्तो रिकन होते. आणि त्यांची सहनर्तकी मिली डोने इटालियन वंशाची होती. मांबोच्या इतिहासात नावे व माणसे यांची सांगड क्वचितच सरळ बसते.

पॅलेडियममधील मांबोचे रूप चित्रफिती व आठवणी यांवरून बऱ्याच अंशी उभे करता येते. जोडी जवळ धरून नाचण्यापेक्षा एकमेकांपासून सुटी होऊन नाचण्यास तेथे मान होता. गुडघे किंचित वाकलेले, वजन जमिनीकडे, धड बरेच स्थिर आणि पाय मात्र सतत बोलत राहिलेले, अशी त्याची ठेवण होती. सुट्या पदन्यासात क्यूबन रुंबा, हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहातला लिंडी हॉप, टॅप नृत्य अशा अनेकांची उसनवारी होती. फिरक्या होत्या, परंतु त्या मोजक्या, आणि एखाद्या आघाताला उत्तर म्हणून घेतलेल्या. बुधवारी 'किलर जो' पिरो हे नवख्यांस पाठ देत आणि नंतर व्यावसायिक जोड्यांचे प्रदर्शन होई. तथापि तेथे येणारा प्रत्येकजण दुसऱ्या मात्रेवरच नाचत असे, असे मानणे चुकीचे ठरेल. कोणी एकवर, कोणी दोनवर, तर कोणी मात्रेचा हिशोबच न ठेवता नाचे. जुन्या नर्तकांच्या आठवणींत मात्रांची मोजणी फारशी येत नाही. येते ती अमुक वादकाने अमुक ठिकाणी घातलेली थाप आणि तिला दिलेला पायाचा जबाब. मोजणी शाळांतून आली. अमेरिकन बॉलरूम-शाळांनी मांबो आपल्या अभ्यासक्रमात घेतला, दोन-तीन-चार ही त्याची मांडणी ठरवून टाकली, आणि त्यांच्या स्पर्धांत तो रुंबा, चाचा, बोलेरो व स्विंग यांच्या जोडीला आजही त्याच रूपात टिकून आहे. तो नीटनेटका आहे. परंतु ज्या वाद्यवृंदांशी त्याचे संभाषण चाले ते आता समोर नाहीत.

पॅलेडियम १९६६ मध्ये बंद पडले. त्यापूर्वीच मांबोचा एक झरा आटला होता. १९५९ची क्यूबन क्रांती, १९६१ मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध व १९६२चा व्यापारबंदीचा हुकूम यांमुळे हवानाहून येणारे वादक, ध्वनिमुद्रिका आणि नव्या चाली न्यूयॉर्कला मिळेनाशा झाल्या. मधली काही वर्षे पाचांगा व बूगालू या प्रकारांची गेली. मग १९६४ मध्ये डोमिनिकन वंशाचे बासरीवादक जॉनी पाचेको व वकील जेरी मासुची यांनी स्थापन केलेल्या फानिया कंपनीने एक नवी पिढी उभी केली : विली कोलोन, एक्तोर लावो, पुढे रूबेन ब्लेड्स. वाद्यमेळ लहान झाला. सॅक्सोफोनच्या रांगा गेल्या व ट्रॉम्बोनचा राकट आवाज पुढे आला; या बदलाची वाट एदी पाल्मिएरी यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी घालून दिली होती. गाणे प्रधान झाले, आणि गाण्यात वस्ती आली : गल्लीतला गुंड, परागंदा झालेला भाऊ, भाडे थकलेले घर. ऑगस्ट १९७१ मध्ये चीता क्लबमध्ये फानियाच्या सर्व वादकांचा एकत्रित कार्यक्रम झाला, त्यावर १९७२ मध्ये चित्रपट निघाला, आणि या साऱ्यास 'साल्सा' हे नाव चिकटले.

साल्सा म्हणजे मसालेदार रस्सा. क्यूबन संगीतात हा शब्द नवा नव्हता. इग्नासियो पिन्येरो यांच्या १९३३च्या सुमाराच्या 'एचाले साल्सीता' या गीतात तो आहे, आणि १९६६ मध्ये व्हेनेझुएलात निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावातही. परंतु एका संगीताची व एका समाजाची खूण म्हणून तो रूढ झाला १९७०च्या दशकात, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांतून, नियतकालिकांतून आणि जाहिरातींतून. त्यावर दोन बाजूंनी आक्षेप आला. तीतो प्वेन्ते नेहमी म्हणत की, साल्सा ही खाण्याची वस्तू आहे. आपण वाजवतो तो मांबो, चाचाचा, ग्वाराचा. क्यूबातील संगीतकारांचा आक्षेप अधिक कडवट होता : आमचाच सोन नवे वेष्टन घालून विकला जात आहे आणि वेष्टनावर आमच्या देशाचे नावही नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. असे असूनही 'साल्सा' हे नाव केवळ व्यापाऱ्यांची युक्ती म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. बंदीमुळे क्यूबाचे नाव घेणे अडचणीचे होते, हे खरे. पण ब्रॉन्क्स व पूर्व हार्लेममधील प्वेर्तो रिकन मुलास, ज्याला बेट आठवत नव्हते आणि ज्याला शहर आपले म्हणत नव्हते, 'मांबो' हे बापाच्या तरुणपणाचे नाव होते. त्याला स्वतःचे नाव हवे होते. व्हेनेझुएलन लेखक सेसार मिगेल रोन्दोन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या साल्साविषयक ग्रंथात या संगीताकडे कॅरिबियन शहरी वस्तीची वाणी म्हणून पाहिले, ते याच कारणाने. लय जुनी असली, तरी ती कोणाच्या वतीने बोलते हा प्रश्न नवा होता.

या उलथापालथीत नृत्याचे काय झाले? प्रथम फारसे काही झाले नाही. १९७०च्या दशकातील साल्सा क्लबांत लोक घरी शिकलेले पाऊलच टाकीत. परंतु त्याच शहरात, त्याच प्वेर्तो रिकन व कृष्णवर्णीय मुलांत, हसल हे डिस्को संगीतावरचे जोडीनृत्य वाढत होते. त्यात हात न सोडता सलग फिरक्या घ्यावयाच्या असत आणि स्त्री एका सरळ पट्टीत पुढे-मागे जाई. सायंकाळी हसल नाचणारे पाय रात्री साल्सा नाचत. तेव्हा फिरक्या व ती पट्टी साल्सात शिरल्या यात नवल नाही. मांबो आणि साल्सा यांतील दृश्य फरक, म्हणजे सुट्या पदन्यासाकडून गुंतागुंतीच्या फिरक्यांकडे झालेला प्रवास, तो मुख्यत्वे येथून आला आहे. मात्रेशी त्याचा संबंध नाही. ज्यूलिएट मॅकमेन्स यांनी या विषयावरील आपल्या २०१५च्या ग्रंथास 'स्पिनिंग मांबो इन्टू साल्सा' असे नाव दिले आहे. त्यातील पहिल्या शब्दाचे गिरकी व सूतकताई हे दोन्ही अर्थ येथे अगदी चपखल बसतात.

या टप्प्यावर एडी टोरेस यांचे कार्य येते. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले टोरेस हे पॅलेडियमच्या पिढीचे नव्हेत. १९७०च्या दशकात ८६व्या रस्त्यावरील कोर्सो क्लबात जुन्या नर्तकांचे पाय पाहून ते शिकले, आणि पुढे प्वेन्ते यांच्या वाद्यवृंदासमोर नाचू लागले. आपण नाचतो ते कोणत्या मात्रेवर, हे त्यांना सांगता येत नव्हते. बॉलरूमचे शिक्षण घेतलेल्या जून लाबर्टा यांनी त्यांना मात्रा मोजावयास आणि पावले शब्दांत मांडावयास शिकवले. त्यातून जी पद्धत तयार झाली तिचेच वर्णन वर 'संकर' म्हणून केले आहे. परतीचे पाऊल दोनवर ठेवावयाचे, कारण कोर्सोतील उत्तम नर्तक ते तेथे घेत. पण पहिली मात्रा मात्र सोडावयाची नाही, तिच्यावरही पाऊल टाकावयाचे. पॅलेडियमच्या ताठ, थोपवून धरलेल्या दोन-तीन-चारपेक्षा ही चाल अधिक वाहती होते. आणि फिरकीची तयारी एका पावलाने आधी करता येत असल्यामुळे नव्या, फिरक्यांनी भरलेल्या नृत्यास ती सोयीची पडते. टोरेस स्वतः तिला मांबो म्हणत आले आहेत. सिडनी हचिन्सन यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या निबंधात या 'दोनवरच्या मांबो'स जुन्याचा अवशेष न मानता न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले एक नवे रूप मानले आहे, आणि उपलब्ध साक्षीवरून तेच मत अधिक ग्राह्य वाटते. नाव जुने, मात्रा जुनी, शरीर नवे.

मोजणी आल्याने एक लाभ निश्चित झाला. जे नृत्य पाहून व घरात वावरून येत असे, ते बाहेरच्यास शिकता येऊ लागले. टोकियो व मिलानमधील माणूस न्यूयॉर्कच्या माणसाबरोबर पहिल्याच भेटीत नाचू शकतो तो या आकड्यांमुळे. किंमत काय पडली, तेही दिसते. आकडा कानात बसला की ढोल ऐकण्याची गरज राहत नाही. 'मी दोनवर नाचतो' हे वाक्य आज पुष्कळदा एका दर्जाची ग्वाही म्हणून उच्चारले जाते, आणि असा नर्तक कोंग्याच्या थापेशी कोणतेही नाते न ठेवता सबंध गाणे बिनचूक मोजून संपवू शकतो. उलट प्वेर्तो रिकन वस्तीतील एखादी वृद्ध स्त्री एकवर नाचते आणि तिच्या खांद्यात क्लावे स्पष्ट दिसते. शुद्धतेचा निकष मात्रेत शोधणाऱ्यांनी या दोन चित्रांचा विचार करणे अगत्याचे आहे.

अन्य साल्सांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. लॉस एंजेलिसमध्ये १९९०च्या दशकात वास्केस बंधूंनी लोकप्रिय केलेली शैली एकवर चालते आणि तिच्यात नाट्य व उचलणी यांस महत्त्व आहे. 'साल्सा म्हणजे एकवर' हे समीकरण जगभर पसरवण्यात तिचा वाटा मोठा आहे. कोलंबियातील काली शहरात साल्सा झपाट्याच्या पदन्यासासाठी प्रसिद्ध आहे. तेथे ३३ फेऱ्यांच्या तबकड्या ४५च्या वेगाने वाजवून नाचण्याची चाल पडली होती. क्यूबात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हवानातील कासिनो देपोर्तीव्हो या क्लबात रूढ झालेली 'कासिनो' शैली वर्तुळात फिरते, पट्टीत नव्हे. तिला साल्सा म्हणण्यास पुष्कळ क्यूबन नर्तक आजही राजी नसतात. आणि जुना सोन तेथे अद्याप पहिली मात्रा सोडून, दोन-तीन-चार असाच नाचला जातो. मांबोची म्हणून जी मात्रा सांगितली जाते ती मांबोहून जुनी आहे, हे यावरून सहज ध्यानात येते.

राहता राहिला संगीतातील मांबो. साल्साच्या रचनेची घडण आज बऱ्याच अंशी ठरून गेली आहे. प्रथम गायक कथा सांगतो. मग मोन्तूनो हा भाग सुरू होतो, त्यात वृंदगायक एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात आणि गायक त्यांना उत्स्फूर्त उत्तरे देतो. मध्येच गाणे थांबते आणि तुताऱ्या व ट्रॉम्बोन लहान, तुटक तुकड्यांची चढती आवर्तने वाजवू लागतात. वादक आपल्या कागदावर या भागाचे नाव लिहितात 'मांबो'. आर्कान्यो यांच्या वृंदाने दान्सोनच्या शेवटास जे जोडले होते ते संगीत-प्रकार झाले, नृत्य झाले, वेड झाले, शाळेतला पाठ झाले, आणि अखेरीस पुन्हा एका रचनेतला एक भाग होऊन राहिले. नृत्यगृहात हा भाग सुरू होताच जाणत्या जोड्या एकमेकांचे हात सोडतात, दोन पावले मागे सरतात आणि समोरासमोर उभ्या राहून सुटा पदन्यास सुरू करतात. त्या काही आवर्तनांपुरत्या फिरक्या नसतात व पट्टीही नसते. मग गायक परत येतो, हात पुन्हा धरले जातात आणि साल्सा पुढे चालू होतो.